आधी मैदान मोजा

सेवाग्रामात फोटो काढायचे तर तीन अटी होत्या. फ्लॅश वापरायचा नाही. बापूंना 'जरा थांबा, इकडे बघा' असं सांगायचं नाही. आणि या कामासाठी आश्रमाकडून एक पैसाही मिळणार नाही. अटी घालणारे स्वतः गांधीजी. त्या निमूट पाळणारा कनू गांधी, त्यांच्या चुलत पुतण्याचा, नारणदासांचा, विशीतला मुलगा. विनोबांचे भाऊ शिवाजी भावे यांनी त्याला कॅमेऱ्याकडे वळवलं. घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले, त्यातून रोलिफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. पुढची जवळजवळ दहा वर्षं या मुलाने गांधीजींचे जे फोटो काढले, ते या तीन अटींच्या आतच काढले.

सेवाग्रामच्याच वर्धा जिल्ह्यात आज कुणी क्रिकेटचे, फुटबॉलचे, व्हॉलीबॉलचे फोटो काढायला निघाला, तर त्याच्यापुढेही नेमक्या याच तीन अटी उभ्या राहतात. फ्लॅश पन्नास मीटरवर पोहोचत नाही आणि पोहोचला तरी फलंदाजाच्या डोळ्यांवर मारू देणार कोण? खेळाडू कुणासाठी थांबत नाही. आणि तालुका पातळीवरच्या सामन्याच्या फोटोचे पैसे सहसा कुणी देत नाही. म्हणून 'लेन्स कोणती घ्यावी' हा प्रश्न इथे फार जपून सोडवावा लागतो. चुकीच्या लेन्सवर गेलेला पैसा परत यायला इथे एक अख्खा लग्नाचा सीझन लागतो.

कनू गांधींच्या रोलिफ्लेक्सची लेन्स बदलता येत नव्हती. झूम नव्हता. कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचं, आणि त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसायचं. समोरचा माणूस उजवीकडे निघाला की काचेत तो डावीकडे सरकतो. एका रोलवर बारा फोटो. आणि समोर कोण, तर भरभर चालण्यासाठी प्रसिद्ध असलेले गांधीजी! अशा वेळी हाताशी एकच गोष्ट उरते. माणूस कुठून येणार, किती वाजता येणार आणि तेव्हा ऊन कोणत्या बाजूने असणार, हे आधी ठाऊक असणं. कुठे उभं राहायचं ते ठरलं की निम्मं काम झालं.

गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले ते १९३६ साली. त्याच वर्षी वर्धा नदीच्या पलीकडचं, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिम्पिकमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेलं होतं. आणि त्याच ऑलिम्पिकसाठी जर्मनीच्या झाइस कंपनीने एक लेन्स बनवली होती. १८० मिमी फोकल लेंग्थ, अॅपर्चर एफ २.८. फोटोग्राफर आजही तिला 'ऑलिम्पिया सोनार' म्हणतात. लांबचा खेळाडू जवळ आणायचा आणि भरपूर उजेडही आत घ्यायचा, हे दोन्ही एका नळीत साधायचा तो मोठा प्रयत्न होता. आज ज्या ७०-२०० एफ २.८ साठी प्रत्येक हौशी फोटोग्राफर जीव टाकतो, ती याच लेन्सच्या वळणावरची.

म्हणजे रस्ते दोन. एक बर्लिनचा, काचेच्या ताकदीचा. दुसरा सेवाग्रामचा, पायांचा आणि अंदाजाचा. वर्ध्याच्या मैदानावर दोन्ही लागतात, पण सुरुवात पायांपासून केली तर पैसा वाचतो.

०००

लेन्स घेण्याआधी मैदानावर जाऊन पावलं मोजावीत. मध्यम उंचीच्या माणसाचं एक पाऊल साधारण पाऊण मीटरचं असतं. जिथे बसून फोटो काढायची मुभा आहे, त्या जागेपासून जिथे खेळ घडतो त्या जागेपर्यंत किती पावलं भरतात, हा आकडा कागदावर लिहावा. दुकानात त्याच आकड्यावर बोलायचं.

गणित सोपं आहे. उभा खेळाडू चौकटीच्या निम्म्या उंचीएवढा दिसला की फोटो वर्तमानपत्रात छापण्याजोगा होतो. चेहरा ओळखू येतो, बॅट-बॉलला जागा राहते. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असेल (नवशिक्यांचे बहुतेक कॅमेरे असेच असतात) तर लेन्सच्या मिलिमीटरला पाचाने भागावं. उत्तर येईल तितक्या मीटरपर्यंत ती लेन्स पुरते. २५० मिमी असेल तर ५० मीटर, ३०० मिमी असेल तर ६० मीटर. फुल फ्रेम कॅमेरा असेल तर सातने भागावं. तिथे ३०० मिमी लेन्स ४२-४३ मीटरवरच संपते आणि ६० मीटरसाठी ४०० मिमीच्याही पुढे जावं लागतं. फुल फ्रेम घेतला की सगळं आपोआप सुधारतं, असं मानणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून बघावा. मैदानी खेळासाठी क्रॉप सेन्सरचा साधा कॅमेरा लांबीच्या बाबतीत उजवा ठरतो, आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

आता खेळ घेऊ. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून ५९ ते ८२ मीटरच्या दरम्यान असते. गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत मैदान शाळेचं असतं, नाहीतर पीक निघालेल्या शेताचं. तिथे दोरी पन्नास-पंचावन्न मीटरवर, एका बाजूला त्याहून अलीकडेच. दोरीमागे मांडी घालून बसलेल्या फोटोग्राफरला फलंदाज पंचावन्न मीटरवर पडतो. तिथे क्रॉप सेन्सरवर ५५-२५० ची हलकी झूम लेन्स फलंदाजाला जवळपास अर्धी चौकट देते. कॅननच्या या लेन्सचं वजन ३७५ ग्रॅम. निकॉनची ७०-३०० तिच्याहून थोडी लांब, ४१५ ग्रॅमची. कॅमेऱ्यासोबत जोडीने विकल्या जाणाऱ्या, म्हणून 'किट लेन्स' म्हणत ज्यांना नाकं मुरडली जातात, त्या या लेन्स.

त्या पुरतात का? वर्ध्याच्या उन्हात पुरतात, आणि चांगल्या पुरतात. या लेन्सवरचा मुख्य आक्षेप उजेडाचा असतो. पूर्ण झूम केल्यावर त्यांचं अॅपर्चर एफ ५.६ किंवा ६.३ इतकंच उघडतं. एफ २.८ च्या मोठ्या लेन्समधून एफ ५.६ च्या चौपट उजेड आत येतो. पण उजेड मुळातच उतू जात असेल तर चौपट घेऊन काय करायचं? डिसेंबरच्या दुपारी लख्ख उन्हात, आयएसओ १०० ठेवून एफ ५.६ ला १/८०० सेकंदाचा शटर स्पीड मिळतो. आयएसओ ४०० केला की १/३२००. तेवढ्यात कोणताही खेळ गोठतो.

शटर किती हवा, हे चेंडूच ठरवतो. १०० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू सेकंदाला जवळपास २८ मीटर जातो. १/५०० सेकंदात तो साडेपाच सेंटिमीटर सरकतो. टेनिस बॉलचा व्यासच साडेसहा-पावणेसात सेंटिमीटर, त्यामुळे फोटोत तो अंड्यासारखा लांबट उमटतो. १/२००० ला हेच सरकणं दीड सेंटिमीटरच्या आत येतं आणि चेंडू चेंडूसारखा दिसतो. वर्ध्याच्या हिवाळी दुपारी तीस-पस्तीस हजारांच्या आतली लेन्स १/२००० सहज देते. इथला निसर्ग फोटोग्राफरला हा एवढा पैसा वाचवून देतो, आणि तो नाकारण्यात काहीच अर्थ नाही.

महागड्या लेन्सचा दुसरा गुण मात्र खरा आहे, आणि तो झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. तो गुण म्हणजे पार्श्वभूमी पुसण्याचा. पंचावन्न मीटरवरच्या फलंदाजावर ३०० मिमी लेन्स एफ ५.६ ला फोकस केली, तर त्याच्या पुढे-मागे मिळून सातेक मीटर सगळं स्पष्ट दिसतं. ४०० मिमी एफ २.८ असेल तर ही पट्टी तीन मीटरवर येते. आपल्या मैदानांवर मागे काय असतं? ओळीने लावलेल्या मोटारसायकली, पुढाऱ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांचे बॅनर, मंडपाचे बांबू, चहाची गाडी. स्वस्त लेन्समध्ये हे सगळं फलंदाजाच्या डोक्यातून उगवतं. याला एक उपाय दहा लाखांच्या वरचा आहे. दुसरा फुकटचा. सामना सुरू होण्याआधी मैदानाला एक फेरी मारायची आणि ज्या जागेवरून मागे कडुनिंबाची रांग, तुरीचं शेत किंवा शाळेची लांब भिंत येते, तिथे बसायचं. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाची छाती ऑफ साइडला उघडी असते, म्हणून लाँग ऑफपासून एक्स्ट्रा कव्हरपर्यंतच्या पट्ट्यात बसलं तर चेहरा मिळतो. त्या पट्ट्यात ऊन पाठीशी आणि समोर झाडी असा कोपरा सापडला, तर तो दिवस फोटोग्राफरचा.

०००

उन्हाने जे दिलं, ते ऊनच काढूनही घेतं.

वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. २४-२५ मेच्या सुमारास, नवतपा लागतो त्याच दिवसांत, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली गडप होते. शाळांतून हल्ली 'शून्य सावली दिवस' म्हणून तो दाखवला जातो. फोटोग्राफरसाठी या दिवसांचा अर्थ असा की टोपी घातलेल्या खेळाडूचा चेहरा काळा पडणार. कोणतीही लेन्स तो उजळू शकत नाही. उन्हाळी शिबिरांचे आणि स्पर्धांचे फोटो सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, यातच आटोपावे लागतात.

याहून मोठा शत्रू आहे तो तापलेली हवा. कापसाची काळी जमीन तापली की तिच्यावरची हवा उकळल्यासारखी हलू लागते. डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसतं, तोच हा प्रकार. नुसत्या डोळ्याला मैदानावर तो जाणवत नाही, पण ४००-६०० मिमीच्या लेन्समधून सत्तर मीटरवरचा यष्टिरक्षक पाण्याखाली बसल्यासारखा डुलतो. फोटो घरी येऊन मोठा करून बघितला की चेहरा मऊ, जर्सीवरचा आकडा वाकडा. मग लेन्सला दोष दिला जातो, दुकानात वाद होतो, 'फोकस चुकतोय' म्हणून कॅमेरा सर्व्हिस सेंटरला जातो. दोष हवेचा असतो. दोन लाखांची लेन्स आणि वीस हजारांची लेन्स अशा दुपारी एका पातळीला येतात, कारण दोघींच्या आणि खेळाडूच्या मध्ये तीच हवा आहे. उपाय एकच, मधली हवा कमी करायची. म्हणजे जवळ जायचं किंवा लवकर यायचं. एसी गाडीतून काढलेली थंड लेन्स लगेच वापरली, तर नळीच्या तोंडाशीही असाच थरथराट होतो. तिला सावलीत पंधरा-वीस मिनिटं मैदानाच्या हवेशी जुळू द्यावं.

टीव्हीवर सीमारेषेबाहेर दिसणाऱ्या पांढऱ्या लेन्सचं गूढही उन्हातच आहे. कॅननने १९६९ मध्ये फ्लोराइट या स्फटिकाची लेन्स बाजारात आणली. या स्फटिकाने रंगांची फाकणारी कड आवरते, पण तो तापला की काचेपेक्षा जास्त फुगतो आणि फोकस हलतो. म्हणून मोठ्या लेन्सचं अंग पांढरं रंगवलं गेलं, ऊन परतवायला. विदर्भात हे कुणाला वेगळं समजावून सांगायला नको. डोक्याला पांढरा दुपट्टा बांधल्याशिवाय एप्रिलात इथे कुणी बाहेर पडत नाही. तोच दुपट्टा काळ्या लेन्सच्या नळीवर सैलसर गुंडाळला, फोकसची रिंग मोकळी ठेवली, तर लेन्स हाताला चटका देत नाही आणि आतलं ग्रीसही पातळ होत नाही. चहाच्या सुट्टीत कॅमेरा उन्हात जमिनीवर ठेवायचा नाही, हे तर झालंच.

काळ्या मातीची धूळ हा आणखी एक मुद्दा. खेळ सुरू असताना मैदानावर लेन्स बदलू नये. गोलंदाजाच्या रन-अपवरून उडालेली भुकटी सेन्सरवर बसली की पुढच्या प्रत्येक फोटोच्या आभाळात काळे ठिपके. एका सामन्याला एक लेन्स, असं ठरवूनच निघावं. म्हणूनही इथे एकाच लांबीच्या 'प्राइम' लेन्सपेक्षा झूम सोयीची.

०००

आता पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये सुब्रतो करंडकाच्या शालेय फुटबॉलचे तालुका आणि जिल्हा पातळीवरचे सामने होतात, आणि पाठोपाठ इतर शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम लागतो. सकाळी अकरा वाजता संध्याकाळ वाटावी असं आभाळ, मैदानावर चिखल, बूट नसलेल्या पोरांचे पाय. फोटोग्राफीच्या दृष्टीने जिल्ह्यातला सर्वांत देखणा खेळ हाच, आणि सर्वांत अवघडही हाच.

भरलेल्या आभाळाखाली उन्हाच्या मानाने उजेड वीसपटीपर्यंत उतरतो. एफ ५.६ ला १/१००० हवा असेल तर आयएसओ दोन हजारांवर न्यावा लागतो, सर लागली की चार हजारांवर. जुन्या कॅमेऱ्यांत इतक्या आयएसओला फोटोत रवा सांडल्यासारखा दाणा दिसे. गेल्या सात-आठ वर्षांतल्या कॅमेऱ्यांत तो वर्तमानपत्राच्या छपाईत दिसतही नाही. तरीही एफ २.८ ची लेन्स पैसे वसूल करते ती इथेच. तोच फोटो ५०० ते १००० आयएसओवर मिळतो, फोकस अंधूक उजेडातही चटकन बसतो आणि मागचा चिखल-पावसाचा पडदा छान विरघळतो. ज्यांचं निम्मं काम पावसाळी फुटबॉल आणि संध्याकाळच्या सामन्यांचं आहे, त्यांनी ७०-२०० एफ २.८ साठी पैसे साठवावेत, हे या लेखाचं स्पष्ट मत आहे. ज्यांचं काम हिवाळी क्रिकेटचं आहे, त्यांनी ते पैसे लांबीवर खर्च करावेत.

फुटबॉलला २०० मिमी अपुरी पडेल अशी भीती असते, पण ती मैदानाच्या मध्यावर बघणाऱ्याची भीती. मध्यरेषा गोलपासून पन्नास मीटरवर असते आणि तिथे घडणाऱ्या गोष्टींचे फोटो क्वचितच कुणी जपून ठेवतं. गोलच्या खांबापासून सात-आठ पावलं बाजूला, गोलरेषेमागे बसावं. पेनल्टी क्षेत्राची खोली साडेसोळा मीटर. म्हणजे ज्या पट्ट्यात गोल होतात, हुकतात, गोलरक्षक चिखलात आडवा झेपावतो, तो सगळा पट्टा वीस मीटरच्या आत. वीस मीटरवर २०० मिमी लेन्स फुल फ्रेमवरसुद्धा खेळाडूला चौकटीचा पाऊण भाग देते. शिवाय आक्रमण करणारा खेळाडू तोंड करून अंगावर येतो, पाठ करून पळत नाही. संघ उत्तरार्धात बाजू बदलतात. आपल्याला ज्या संघाचे फोटो हवेत, त्यानुसार आपणही बदलायचं.

पावसाळ्यात लेन्सचा घात बाहेरच्या पाण्याने होतो त्याहून जास्त आतल्या ओलीने होतो. जून ते सप्टेंबर बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे, कडेकडून आत पसरत जाणारे. एकदा काचेचा लेप खाल्ला गेला की साफ करूनही डाग राहतो. हजारो रुपयांचं कपाट घ्यायची गरज नाही. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून सकाळच्या उजेडात वापरणं, एवढ्याने भागतं. पडून राहणाऱ्या लेन्सवर बुरशी धरते, वापरातल्या लेन्सवर क्वचितच.

०००

संध्याकाळी गावोगावी व्हॉलीबॉल रंगतो, आणि इथे सगळं गणित उलटतं. कोर्ट १८ बाय ९ मीटर. खेळाडू हाताच्या अंतरावर. उजेड मात्र चार खांबांवरच्या दिव्यांचा. २०० मिमी इथे अडचण होते आणि एफ ५.६ तर आंधळीच. इथली लेन्स आहे ५० मिमी एफ १.८. जेमतेम १६० ग्रॅमची, सगळ्या लेन्समध्ये सर्वांत स्वस्त. एफ ५.६ च्या मानाने जवळपास दहापट उजेड घेते. नेटच्या खांबाजवळ पाच-सहा मीटरवर बसलं की उडी मारलेला स्मॅशर चौकट भरून टाकतो. पुरुषांची जाळी २.४३ मीटरवर, तिच्या वर आलेला तळहात आणि चेहरा यांच्यावर दिवा पडतो तो क्षण टिपायचा. थोडे जास्त पैसे असतील तर ८५ मिमी एफ १.८ घेऊन पलीकडच्या शेवटच्या रेषेमागे बसावं. तिथून नेट बारा-तेरा मीटरवर येते आणि स्मॅशर समोरून दिसतो.

बॉल बॅडमिंटनलाही हीच ८५ चालते. लोकरीचा पिवळा चेंडू, २४ बाय १२ मीटरचं कोर्ट, एका बाजूला पाच खेळाडू. विदर्भातल्या शाळा-कॉलेजांत हा खेळ अजून जिवंत आहे, पण त्याचे चांगले फोटो फार कमी दिसतात. उन्हात तो पिवळा चेंडू मातीच्या पार्श्वभूमीवर असा उठून दिसतो, की कुणीतरी एक हंगाम फक्त यालाच द्यावा.

०००

वर्ध्याहून नागपूरला जाताना बुटीबोरीच्या पुढे जामठ्याचं स्टेडियम लागतं. नोव्हेंबर २००८ मध्ये इथे पहिली कसोटी झाली, सौरव गांगुलीची ती शेवटची. विदर्भाने २०१९ मध्ये सौराष्ट्राला हरवून रणजी करंडक राखला तो इथेच, आणि मार्च २०२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा जिंकला तोही इथेच. दोरीबाहेर मोनोपॉडवर टेकवलेल्या ४०० आणि ६०० मिमी लेन्सची रांग बघायची तर अशा सामन्याला जावं. त्या लेन्स कुठे बसवल्या आहेत, दुपारनंतर कोण उठून कुठे जातं, हे दिवसभर बघितलं तर एखादा वर्ग केल्याएवढं शिकता येतं.

त्या रांगेतल्या वजनाची गोष्टही सांगण्यासारखी. १९९९ ची कॅननची ४०० मिमी एफ २.८ लेन्स ५ किलो ३७० ग्रॅमची होती. २०११ ची ३ किलो ८५० ग्रॅम. २०१८ ची २ किलो ८४०. वीस वर्षांत वजन जवळपास निम्म्यावर आलं, किंमत मात्र चढतच गेली. मधल्या माणसासाठी आता सिग्मा-टॅमरॉनच्या १५०-६००, सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६०० अशा झूम आहेत. सगळ्या एफ ५ ते ६.३ च्या, दोन किलोंच्या आगेमागे. दिवसाच्या क्रिकेटसाठी जिल्ह्यातल्या फोटोग्राफरने यांच्यापलीकडे बघू नये. त्याच लेन्सने जिल्ह्यातल्याच बोरच्या जंगलात पक्ष्यांचे फोटो निघतात, हा वरचा फायदा.

वापरलेली लेन्स घेणाऱ्यांची संख्या इथे मोठी आहे, आणि फसगतही तिथेच होते. नेहमीचा फास निकॉनवाल्यांसाठी असतो. जुनी ८०-२०० एफ २.८ एएफ-डी लेन्स स्वस्तात दिसते, काच उत्तम, अंग दणकट. पण तिच्यात फोकसची मोटर नाही. ती कॅमेऱ्याच्या मोटरवर चालते. निकॉनच्या तीन हजारी आणि पाच हजारी मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ती मोटर नसते. घरी आणल्यावर कळतं की हाताने फोकस करावा लागणार, आणि धावत्या खेळाडूवर ते जमत नाही. नव्या मिररलेस कॅमेऱ्याला निकॉनचा अॅडॅप्टर लावूनही हा प्रश्न सुटत नाही. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स मात्र नव्या आर मालिकेच्या कॅमेऱ्यांवर अॅडॅप्टर लावून बिनतक्रार चालतात. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावून लांबी वाढवणाऱ्या टेलिकन्व्हर्टरचा मोहही असाच. १.४ पटीचा लावला की उजेड निम्मा, २ पटीचा लावला की चौथाई. एफ ६.३ च्या झूममागे तो लावणं म्हणजे लेन्सचे डोळे बांधणं.

व्यवहार करण्याआधी मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून तिरका मारून पुढून बघावं. धूळ असेल तर हरकत नाही, धागे दिसले तर परत करावी. मग स्वतःचा कॅमेरा लावून, रस्त्यावरून समोर येणाऱ्या सायकलवाल्यावर वीस फोटो सलग घ्यावेत. निदान चौदा-पंधरा फोटोंत चेहरा धारदार असेल तरच पैसे काढावेत. आणि शक्य असेल तर विकत घेण्याआधी नागपुरातून एक दिवस भाड्याने आणून आपल्याच मैदानावर वापरून बघावी.

०००

लांब लेन्सच्या नादात एक गोष्ट विसरू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज बेल्डम या इंग्लिश क्रिकेटपटूने ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टर ट्रम्परचा पुढे झेपावून ड्राइव्ह मारतानाचा जो फोटो काढला, तो आजही क्रिकेटचा सर्वांत ओळखीचा फोटो मानला जातो. तो सामन्यातला नव्हता. बेल्डमने ट्रम्परला मुद्दाम खेळायला लावलं आणि स्वतः जवळ जाऊन उभा राहिला, कारण लांबून टिपण्याची सोय त्याच्याकडे नव्हती. १४ डिसेंबर १९६० ला ब्रिस्बेनला कसोटीच्या इतिहासातला पहिला 'टाय' झाला, तेव्हा 'द एज' या वृत्तपत्राच्या रॉन लोव्हिटकडे शेवटचीच प्लेट उरली होती असं सांगतात. त्याने ती राखून ठेवली. वेस्ट इंडीजच्या सॉलोमनची फेक, धावबाद होणारा ऑस्ट्रेलियाचा मेकिफ, हवेत उसळलेले वेस्ट इंडीजचे खेळाडू, सगळं त्या एका चौकटीत आलं. फार लांब लेन्स असती तर त्यात फक्त मेकिफ आला असता.

विदर्भाकडून भारताच्या कसोटी संघात पोहोचलेला पहिला खेळाडू उमेश यादव. नागपूरजवळच्या कोळसा खाणीच्या वस्तीत वाढलेला हा वेगवान गोलंदाज एकोणिसाव्या वर्षापर्यंत टेनिस बॉलच खेळत होता. तसल्याच मैदानांवर आज आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, देवळी, समुद्रपूरची पोरं खेळतात. शालेय स्पर्धांत मुलींचे संघ खेळतात, आणि त्यांच्याकडे कॅमेरा वळवायला तर फारच थोडे जण असतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, ते फाइलीत राहतं. भिंतीवर लागतो तो फोटो. बऱ्याच घरांत तो एकच असतो, तोही संघाने ओळीत उभं राहून काढलेला, खेळतानाचा नाही.

या हिवाळ्यात ज्यांच्याकडे कॅमेरा आहे, मग तो लग्नाचे फोटो काढणारा व्यावसायिक असो की कॉलेजातला हौशी मुलगा, त्यांनी आपल्या गावच्या मैदानावर एक सकाळ द्यावी. पावलं मोजावीत, ऊन बघावं, असेल त्या लेन्सने सुरुवात करावी. आणि चांगला आलेला फोटो मोबाइलवर पाठवून थांबू नये. एक छापील प्रत त्या खेळाडूच्या घरी स्वतः नेऊन द्यावी.